भिंतीपलीकडची घरघंटी

"काकू, तुमची घरघंटी जरा दुसरीकडे ठेवता येईल का?"

हे वाक्य मी घरून पाठ करून आले होते. शेवाळेकाकू दारात उभ्या होत्या, कोपरापर्यंत हात पिठात, भुवया पांढऱ्या. माझ्या हातात त्यांचा अळिवाच्या लाडवांचा डबा होता. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून त्यात मी पेरू टाकले होते. ते पुढे करता करताच बोलून टाकलं.

"दुसरीकडे? कुठं गं दुसरीकडे?" डबा घेत त्या म्हणाल्या.

"आपल्या मधल्या भिंतीपासून लांब. भिंतीच्या या बाजूला तुमची घरघंटी आणि त्या बाजूला जुईचा पाळणा. अगदी उशाशी."

"आवाजानं उठती होय? अगं मग इतके दिवस गप्प का बसलीस! मला वाटायचं, पोरगी दळणाच्या आवाजावर छान झोपत असंल. माझी स्नेहल झोपायची."

"आवाजाचं नाही काकू. लहरींचं आहे."

"कसल्या?"

मग मी सांगितलं. मोटर चालू असली की तिच्याभोवती काहीतरी पसरतं, ते डोळ्यांना दिसत नाही, भिंतीतून आरपार जातं, आणि लहान बाळाची तर टाळूही भरलेली नसते. बोलताना माझं मलाच कळत होतं की मी फोनवरच्या व्हिडिओतल्या बाईच्या आवाजात बोलते आहे. तीही अशीच हळू, समजावणीच्या सुरात बोलायची.

काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग पदराला हात पुसत हसल्या. "म्हणजे आमच्या घरघंटीची दृष्ट लागती म्हण की तुझ्या लेकीला! मीठ-मोहऱ्या ओवाळू का मशीनवरनं?"

"चेष्टा नाही काकू. मी मोजलंय."

"मोजलंयस?" त्यांचं हसू थांबलं. "कशानं?"

"यंत्र मागवलंय. तुमची घरघंटी सुरू झाली की लाल दिवा लागतो."

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग मागे वळून त्या भिंतीकडे. घरघंटी तिथंच उभी होती, वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर पिठाची धूळ.

"हलवते," त्या म्हणाल्या. "चाकं आहेत तिला. आत्ताच हलवते."

मी आभार मानायच्या आत दार लागलं. आमच्या घरात येऊन मी भिंतीला कान लावला. चाकं फरशीवरून करकरत लांब गेली. एखादं जड ओझं कुणीतरी न बोलता उचलून न्यावं, तसा आवाज होता तो. मला मात्र तेव्हा नुसतं हायसं वाटलं.

कराडला बदली होऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं. जुई चार महिन्यांची होती. आई महिनाभर जास्तच राहून सोलापूरला परत गेली होती आणि तुषार सकाळी बँकेत गेला की दिवेलागणीला उगवायचा. मधला सगळा दिवस मी आणि जुई, आणि भिंतीपलीकडे शेवाळेकाकू. आई गेल्यावर पहिल्यांदा जुईला आंघोळ घालायची वेळ आली तेव्हा मी तिला टॉवेलात गुंडाळून तशीच त्यांच्याकडे घेऊन गेले होते. काकूंनी पाय पसरून तिला आडवी घेतली, तेलाचा हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "घाबरतीस काय? काचेची आहे का ती?" त्या दिवसापासून रोज सकाळी त्या यायच्या. जुईची आंघोळ झाली, तिला धुरी दिली, की माझ्यापुढे डिंकाचा नाहीतर अळिवाचा लाडू ठेवायच्या आणि संपेपर्यंत उठू द्यायच्या नाहीत. मग घरी जाऊन दळायला बसायच्या. आमच्या इमारतीतल्या आणि मागच्या गल्लीतल्या निम्म्या घरांच्या भाजण्या त्यांच्या घरघंटीवर व्हायच्या.

आणि अशा बाईला मी हे जाऊन सांगितलं होतं.

भीती कुठून आली, तर फोनमधून. जुईला पाजताना एक हात मोकळा असतो. त्या मोकळ्या हातानं मी इतकं काय काय बघितलं! झोपायच्या जागेजवळ काय असू नये याबद्दल बघत गेले आणि एकातून दुसरं निघत गेलं. इन्व्हर्टर, वायफाय, मीटरचा बोर्ड, भिंतीपलीकडची मोटर. वायफायचा डबा मी गॅलरीत नेऊन ठेवला. इन्व्हर्टर स्वयंपाकघरात. तुषार पहिल्यांदा हसला, मग वैतागला, मग गप्प बसला. पण भिंतीपलीकडची ती घरघर मला कुठं नेऊन ठेवता येत नव्हती.

मोजायचं यंत्र आलं ते टीव्हीच्या रिमोटएवढं होतं. हिरवा, पिवळा, लाल असे दिवे. सकाळी, काकू दळायला बसायच्या आत, मी ते जुईच्या उशीजवळ धरलं. हिरवा. थोड्या वेळानं पलीकडे घरघर सुरू झाली. जुई चुळबुळ करायला लागली, तशी मी पाळणा सुरू केला. तो झोळीचा पाळणा होता, लोखंडी स्टँडचा, वर लहानशी मोटर. बटण दाबलं की आपोआप हलायचा. माझ्या मैत्रिणींनी वर्गणी काढून दिलेला. तो माझ्यासाठी दुसरी आईच होता. पाळणा हलायला लागला, जुई शांत झाली, आणि मी पुन्हा यंत्र तिच्या उशीशी नेलं.

लाल.

दळण थांबलं, जुई गाढ झोपली, मी पाळणा बंद केला, पुन्हा बघितलं. हिरवा. दुसऱ्या दिवशी तेच. रविवारी तुषारला समोर उभं करून दाखवलं.

"बघ. घरघंटी सुरू, लाल. बंद, हिरवा. आता बोल."

त्यानं यंत्र हातात घेऊन उलटंपालटं केलं. "भिंतीला लावून बघितलंस का?"

"भिंतीला कशाला? माझी मुलगी काय भिंतीवर झोपते?"

"तसं नाही गं, पण..."

"तुला काही करायचं नाहीये, म्हणून तुला हे 'पण' सुचतात."

तो बिचारा चहा करायला निघून गेला. आणि मी पेरू घेऊन काकूंच्या दारात गेले.

घरघंटी हलल्यावर आमच्याकडे इतकी शांतता झाली की जुई तासन्‌तास झोपायला लागली. पाळणा सुरू करायचीही वेळ क्वचित यायची. मी शेवटचं एकदा यंत्र उशीला लावलं, हिरवा दिवा बघितला आणि ते ड्रॉवरमध्ये टाकून दिलं.

काकू सकाळी येतच राहिल्या. रागावल्याचं काही दिसलं नाही. फक्त त्यांचं एक नवीनच सुरू झालं. त्या जुईला तपासल्यासारखं करायच्या. तेल लावता लावता तिची बोटं सोडवून मूठ पकडायला लावायच्या. डोळ्यांपुढून खुळखुळा फिरवायच्या, ती नजर वळवते का बघायच्या. आणि सारखे प्रश्न.

"पालथी पडली का गं?"

"नाही अजून."

"अजून नाही?" मग स्वतःशीच, "पडंल, पडंल."

आठवड्यानं जुई पालथी पडली, तेव्हा काकूंनी तिच्या हातावर चक्क पेढा टेकवला आणि मग तो मला भरवला. मग बसते का. मग हाक मारल्यावर वळते का. मग दात. माझ्या सासूबाईसुद्धा फोनवर इतकं विचारत नव्हत्या. एकदा मी चिडून तुषारला म्हटलं, "त्यांना वाटतं, मला मूल वाढवता येत नाही." तो म्हणाला, "घरघंटीचा सूड असेल." आम्ही दोघंही हसलो. ते हसणं आठवलं की अजून मला बसल्या जागी कसंतरी होतं.

जुईला सहावा लागल्यावर काकूंनीच नाचणीचं सत्त्व करून दिलं. नाचणी माझी, भिजवणं, मोड आणणं, दळणं सगळं त्यांचं. पहिल्या वेळी छान झालं असावं, कारण माझ्या लक्षातही राहिलं नाही. दुसऱ्या वेळी लागलं जाडसर. आणि वासही वेगळा, मिरचीकडे जाणारा. मी लगेच सांगितलं. सांगायचा मला तेव्हा संकोच वाटत नसे.

"काकू, या वेळी जरा भरड आलंय हो. तिच्या घशाला लागेल."

काकूंचा चेहरा उतरला. "होय का? आण इकडं, चाळून देते." डबा घेऊन त्या जाता जाता म्हणाल्या, "मशीन म्हातारी झाली गं. माझ्यासारखीच."

दुपारची वेळ, मार्च संपत आलेला. त्यांचं कपाळ घामानं ओलं होतं आणि चपला दारात उलटसुलट पडलेल्या, नुकत्याच कुठून तरी आल्यासारख्या. मी बघितलं, पण मला त्यात काही दिसलं नाही.

त्याच सुमारास स्नेहल बाळंतपणाला माहेरी आली. काकूंची एकुलती एक मुलगी, चिंचवडला दिलेली, पहिलटकरीण. मी ओटीचं सामान आणि घरी केलेली खोबऱ्याची वडी घेऊन भेटायला गेले.

"आत ये गं, आतच आहे ती," काकू म्हणाल्या.

आतल्या खोलीत खिडकीजवळ कॉट होती. स्नेहल कुशीवर पडली होती. आणि तिच्या उशाशी, कॉटला अगदी चिकटून, घरघंटी. क्रोशाचा रुमाल तोच. वर पाण्याचा तांब्या, गोळ्यांची पाकिटं, फोन. फोनची वायर खाली मोठ्या प्लगमध्ये गेलेली.

मी दारातच थांबले.

"या ना ताई," स्नेहल उठून बसत म्हणाली. "आईनं मला टेबलच करून दिलंय बघा."

"तिथं... तिथं कशी ठेवली?" मी काकूंना विचारलं.

"मग कुठं ठेवू? मोठा प्लग घरात दोनच. एक तुझ्या भिंतीचा, एक हा." काकू वडीचा तुकडा मोडून लेकीच्या तोंडात घालत म्हणाल्या. "जिथं जागा तिथं मशीन. तू बस, उभी का?"

मी बसले. स्नेहलनं मला किती काय विचारलं. कळा कशा येतात, टाके दुखतात का, पहिल्या दिवशी दूध येतं का. मी उत्तरं देत होते, पण नजर सारखी तिच्या पोटावरून रुमालाकडे आणि रुमालावरून पोटाकडे जात होती. तिच्या पोटात बाळ फिरलं तेव्हा ती "आई गं" म्हणून हसली आणि माझा हात धरून तिनं पोटावर ठेवला. मी तो चटकन काढून घेतला. तिला वाटलं, मला संकोच वाटला.

घरी आल्यावर तुषारला सांगितलं.

"मग सांग त्यांना," तो म्हणाला.

"काय सांगू? की जे माझ्या मुलीच्या उशाशी नको म्हणून मी हलवायला लावलं, ते आता तुमच्या मुलीच्या उशाशी आहे? काकूंना माहीत नाहीये का ते?"

"माहीत आहे, पण त्यांचा विश्वास नाही त्या लहरींवर. त्या तर हसल्या होत्या ना तुला?"

"हसल्या होत्या."

"मग त्यांना काही वाटत नाहीये. तू कशाला जिवाला लावून घेतेस?"

"पण माझा विश्वास आहे ना!"

तुषार हळूच म्हणाला, "मग सांग."

"आठव्या महिन्यात तिला घाबरवू? झोप उडेल तिची. माझी उडाली होती तशी."

याच्या पुढे आम्ही दोघंही जाऊ शकलो नाही. सांगितलं तर भीती देणार, नाही सांगितलं तर, माझ्या समजुतीप्रमाणे, त्याहून वाईट काहीतरी देणार. त्या दिवसांत मी पहिल्यांदा देवाकडे असं मागितलं, की माझं खोटं ठरू दे. मी मूर्ख ठरू दे. फोनवरचे जे व्हिडिओ मी श्रद्धेनं बघितले होते, त्यांत काही तथ्य नाही असं म्हणणारं कुणी भेटेल का, ते आता मी शोधत बसायचे. दोन्ही बाजूंनी बोलणारे भेटायचे. शांत झोप देणारं कुणी भेटलं नाही.

मी काही बोलले नाही. नुसत्या वस्तू नेत राहिले. स्नेहलसाठी शेवग्याचं सूप, मऊ उशी, जुईचे लहान झालेले कपडे. काकू म्हणायच्या, "किती करशील गं पोरीचं!" आणि मला खाली बघावं लागायचं.

स्नेहलला मुलगा झाला. सुखरूप, गुटगुटीत. मी दवाखान्यात बघायला गेले तेव्हा सगळे त्याचं नाक कुणासारखं यावर वाद घालत होते आणि मी मात्र त्याची बोटं मोजत होते.

बारशाच्या आदल्या दिवशी मी आमचा पाळणा काकूंना नेऊन दिला. स्टँड, झोळी, मोटर, सगळं. जुई आता रांगत होती, पाळण्यात ठरत नव्हती. "स्नेहलचे हात मोकळे होतील," मी म्हणाले. काकूंनी त्या मोटरवरून हात फिरवला. "हे भारीतलं दिसतंय. राहू दे गं, जुईची आठवण आहे."

"घ्या काकू. माझं समाधान आहे."

खरंच होतं. पहिल्यांदाच त्यांच्या घरी मी काहीतरी चांगलं नेलं असं वाटत होतं.

बारशाच्या दिवशी बाहेरच्या खोलीत बायका जमल्या होत्या. घुगऱ्यांचा वास, नव्या साड्यांची सळसळ. आतल्या खोलीत पाळणा शेवंतीच्या माळांनी सजवलेला. "ते बटणाचं तेवढं तू लावून दे बाई," काकू म्हणाल्या, "आम्हाला नाही कळत." स्नेहल बाळाला घेऊन बाहेर बायकांत बसली होती. मी आत एकटीच गेले.

पर्समध्ये यंत्र होतं. सकाळी ड्रॉवरमधून काढून मी ते का घेतलं, याचं खरं उत्तर एवढंच, की बाळ आता रोज कुठं झोपणार ते मला बघायचं होतं. निदान मनाशी तरी.

मोटरच्या वायरला चार्जरसारखा एक काळा ठोकळा होता. वायर लोंबू नये म्हणून आमच्या घरी मी तो स्टँडच्या दांडीला बांधला होता, उशीच्या अगदी बाजूला, माझ्या जुन्या ओढणीच्या चिंधीनं. चिंधी अजून तशीच होती, माझीच गाठ. मी प्लग लावला, बटण दाबलं, रिकामी झोळी फुलांसकट हलायला लागली. मग पर्समधून यंत्र काढून उशीशी धरलं.

लाल.

मी घरघंटीकडे बघितलं. ती बंद होती. नुसती बंद नाही, तिचा प्लग मागे गुंडाळून ठेवलेला होता, दोरीनं बांधून. मोठ्या प्लगमध्ये फोनचा चार्जरच होता.

मी पाळण्याचं बटण बंद केलं. हिरवा. चालू केलं. लाल. ठोकळ्याजवळ नेलं तर यंत्र पीप पीप करायला लागलं.

मग आठवलं. घरघर सुरू झाली की जुई चुळबुळायची. जुई चुळबुळली की मी पाळणा सुरू करायची. पाळणा सुरू केला की मोजायची. एकदाही नुसती घरघंटी चालू आणि पाळणा बंद, असं मी बघितलं नव्हतं. ज्याच्या भीतीनं माझी झोप उडाली होती, ते मी स्वतःच्या हातानं, घट्ट गाठ मारून, तिच्या डोक्याशी बांधलं होतं.

तरीही मला खात्री हवी होती. मी पाळणा बंद केला, चार्जर काढला, घरघंटीची दोरी सोडवून प्लग लावला आणि तिचं बटण दाबलं. मशीन इतक्या जोरात घरघरली की बाहेरची कुणीतरी काकूंना हसून ओरडली, "अगं विमल, बारशाला दळण काढलंस काय?" मी पाळण्याच्या उशीशी यंत्र नेलं. हिरवा. घरघंटीच्या पत्र्याला अगदी चिकटवलं तेव्हा लाल झाला. हातभर मागे आले, हिरवा. आणि आमच्याकडे तर मध्ये आख्खी भिंत होती.

"बंद कर! बंद कर आधी ते!"

काकू दारात होत्या. हातातलं हळदी-कुंकवाचं ताट तिरकं झालेलं. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्या धावतच आल्या आणि त्यांनी बटण बंद केलं नाही, सरळ प्लगच उपटला.

"घरात बाळ आहे! कळतंय का तुला? तूच ना गं सांगितलं होतंस?"

मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. त्या थांबल्या.

"काकू," मी म्हणाले, "तुम्ही हसला होतात."

"हसले होते." त्या कॉटच्या कडेवर बसल्या. "दार लावलं आणि रडले. चार महिने तुझ्या लेकीच्या डोक्याशी दळत होते मी. मला कुणी सांगितलं नव्हतं गं. तू मोजलंय म्हणालीस, मग मी काय बोलणार?"

"आणि तेव्हापासून..."

"तेव्हापासनं बटण दाबलेलं नाही."

"मग माझी नाचणी?"

"गिरणीत. मंडईजवळच्या." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "त्याच्याकडं मिरचीसुद्धा दळतात. दोनदा सांगितलं, आधी गहू घालून घंटी स्वच्छ कर म्हणून, तरी वास राहतो मेल्याचा."

"मला सांगायचं तरी, की बंद केलीय."

"सांगून? तुला वाटलं असतं, काकू रुसली. आणि बायका विचारायच्या, दळण का बंद केलंस? त्यांना तुझं नाव सांगू? म्हटलं, बिघडलीय." मग आवाज उतरला. "जुई पालथी पडली, बसली, तेव्हा जिवात जीव आला. पण डोक्याचं काही लगेच कळत नाही म्हणतात. रोज बघते मी. रोज."

मला त्यांचे सगळे प्रश्न एकदम ऐकू आले. पालथी पडली का. बसते का. हाक मारल्यावर बघते का. मी खाली बसले, त्यांच्या पायाशीच, नव्या साडीचा विचार न करता.

"काकू, तुमची घरघंटी नव्हती हो. कधीच नव्हती. हा पाळणा होता. हा ठोकळा. मीच बांधला होता." मी यंत्र त्यांच्यापुढे धरलं, सगळं करून दाखवलं. बटण बंद, चालू. हिरवा, लाल. घरघंटी पुन्हा लावून दाखवते म्हणाले तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे. कळलं." त्यांनी चिंधीच्या गाठीवरून बोट फिरवलं. "म्हणजे माझ्यामुळं काही नव्हतं?"

"नव्हतं."

"नक्की?"

"नक्की, काकू."

त्यांनी डोळे पुसले आणि एकाएकी माझ्या पाठीत धपाटा घातला. चांगला सणसणीत. "उन्हातानात तुझी नाचणी डोक्यावर घेऊन गेले मी! आणि वर म्हणतेस, भरड आलीय!"

मी रडत होते की हसत होते ते मला कळलं नाही. बाहेरून हाका यायला लागल्या. काकू उठल्या, त्यांनी ओढणीची गाठ दातानं सोडवली, ठोकळा, वायर, मोटर, सगळं काढून कॉटखाली सारलं. झोळीला हातानं ओढायची दोरी बांधली. मग बायका आत आल्या. आधी टोपडं घातलेला वरवंटा पाळण्याखालून या हातातून त्या हातात गेला, मग बाळ. माझ्याकडे बाळ आलं तेव्हा काकू माझ्याकडेच बघत होत्या. मी त्याला घट्ट धरून पुढे दिलं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघींनी मिळून घरघंटी ढकलत जुन्या जागी आणली. दळणं पुन्हा सुरू झाली. ते यंत्र मी फेकलं नाही, कुणाला दिलंही नाही, पण पुन्हा लावलंही नाही. मला वाटलं, झालं. माझी चूक होती, मी कबूल केली, धपाटा खाल्ला, संपलं.

जुई आता दुसरीत आहे. गेल्या महिन्यात तिला फळ्यावरचं दिसेना म्हणून आम्ही डॉक्टरांकडे नेलं आणि तिला चष्मा लागला. निळ्या काड्यांचा. तो घालून ती पहिल्यांदा कुणाकडे धावली असेल तर काकू-आजीकडे. मी मागोमाग गेले. काकूंनी तिची हनुवटी धरून चेहरा वर केला आणि त्या चष्म्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले गं? कशानं?"

"काकू, माझ्या आईला आहे. मला आहे. तुषारला तर जाड भिंगाचा आहे."

"हो, हो. तेच म्हणते मी."

त्या दिवशी पलीकडून घरघर आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते आणि भिंत गप्प होती.

दुपारी जुई शाळेतून आल्यावर मी पातेल्यातली निवडलेली नाचणी डब्यात भरली, तिचा हात धरला आणि काकूंची बेल वाजवली.

"दळून पाहिजे, काकू."

"ठेव जा. उद्या देते."

"आत्ता पाहिजे. आम्ही बसतो." मी जुईला घरघंटीजवळच्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः जमिनीवर, मशीनला पाठ टेकून.

काकू डबा हातात घेऊन उभ्याच. "अगं, लांब तरी बसव तिला."

"इथंच बरी आहे."

त्यांनी वरच्या तोंडात नाचणी ओतली. हात बटणापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. सांगून होणार असतं तर ते बारशाच्या दिवशीच झालं असतं.

"आजी, मी लावू?" जुईनं विचारलं. चष्मा नाकावर घसरलेला, तो बोटानं वर ढकलत ती स्टुलावरून उतरली आणि काकूंच्या हाताखालून स्वतःचा हात घालून तिनं बटण दाबलं.